ककडीवाल्याची कविता

हबीब तन्वीर म्हटलं की आपल्याकडे लगेच ‘चरणदास चोर’ आठवतो, आणि ते बरोबरच आहे. पण गेल्या महिन्यात आमच्या भाचीने फोनवर विचारलं, "मामा, पुस्तकातल्या कवितेचं मुलांकडून नाटक करून घ्यायचं तर सुरुवात कुठून करू?" (ती तिकडे न्यू जर्सीत रविवारच्या मराठी शाळेत शिकवते.) तेव्हा मला ‘चरणदास’ नाही, त्याच्याही वीस-एक वर्षं आधीचं ‘आगरा बाजार’ आठवलं. फोनवर ते सगळं सांगणं काही जमलं नाही. तिचा रविवार आणि माझी झोप यांचं गणित जुळत नाही. म्हणून इथे लिहितो आहे, म्हणजे बाकीच्यांनाही वाचता येईल. थोडं लांबलं आहे, आधीच सांगून ठेवतो.

साल १९५४. दिल्लीच्या जामिया मिलिया इस्लामियामध्ये नझीर अकबराबादी या जुन्या उर्दू कवीच्या नावाने एक दिवस साजरा करायचं ठरलं. कवीच्या नावाचा दिवस म्हटला की काय होतं ते आपण शिक्षक मंडळी चांगलं जाणतो. प्रतिमेला हार, दोन भाषणं, चार मुलांचं कवितावाचन, आभार, चहा. जामियातल्या मंडळींनी हे काम सांगितलं हबीब तन्वीरला. तेव्हा तो तीस वर्षांचा होता आणि मुंबई सोडून नुकताच दिल्लीला आला होता. त्याने भाषण लिहिलं नाही. नझीरच्या कविता घेतल्या आणि त्यांचा एक बाजार मांडला.

तन्वीर तसा आपल्यापासून फार लांबचा नाही, हे नागपूरकडच्या मंडळींना सांगायला हवं. जन्म रायपूरचा, १९२३ चा. तेव्हा रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते, मध्यप्रांत-वऱ्हाडात, आणि राजधानी नागपूर. त्यामुळे पठ्ठ्या बी.ए.ला आला तो नागपूरच्या मॉरिस कॉलेजात, आणि १९४४ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडला. पुढे थोडे दिवस अलीगढ, मग मुंबई. तिथे रेडिओ, सिनेमाची पत्रकारिता, इप्टाची नाटकं. स्वतः शायरही होता. ‘तन्वीर’ हे त्याने कवितेसाठी घेतलेलंच नाव.

आता नझीर. हा माणूस मला जवळचा वाटतो याचं पहिलं कारण अगदी स्वार्थी आहे. तो मास्तर होता! खरं नाव वली मुहम्मद. जन्म दिल्लीचा, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. दिल्लीवर स्वाऱ्या होऊ लागल्या तेव्हा आई आणि आजीबरोबर आग्र्याला आला आणि तिथलाच झाला. अकबराबाद हे आग्र्याचंच जुनं नाव. लोकांच्या मुलांना शिकवून पोट भरायचं आणि कविता करायच्या, असं त्याने आयुष्य काढलं. एका लालाजींच्या मुलांना शिकवायचे महिना १७ रुपये मिळायचे असं सांगतात. नवाबाकडून बोलावणं आलं तरी आग्रा सोडून गेला नाही, असंही सांगतात. १८३० मध्ये आग्र्यातच वारला. त्याच्या हयातीत हे शहर काही वर्षं महादजी शिंद्यांच्या ताब्यात होतं, आणि १८०३ मध्ये जनरल लेकने ते इंग्रजांसाठी घेतलं. म्हणजे राज्यकर्ते बदलत होते, कारागिरांचं काम जात होतं, बाजार बसत होता. हे सगळं या मास्तरने रस्त्यावर उभं राहून बघितलं.

आणि लिहिलं कशावर? ककडीवर. तिळाच्या लाडवांवर. टरबुजावर. भाकरीवर (‘रोटीनामा’), पैशावर, म्हातारपणावर, अस्वलाच्या पिल्लावर. होळीवर, दिवाळीवर, ईदवर. कन्हैयाच्या बाळपणावर, महादेवाच्या लग्नावर, गुरू नानकांवर. माणूस या प्राण्यावर तर ‘आदमीनामा’. तो काही वर्षं एनसीईआरटीच्या नववीच्या हिंदी पुस्तकात होता, तुमच्यापैकी कुणाच्या मुलांनी पाठही केला असेल. फकीर त्याची कवनं गात भीक मागायचे आणि फेरीवाले ती गात माल विकायचे, अशी आठवण आग्र्यात टिकून होती.

इथेच सगळं घोडं अडलं. ज्याची कविता फेरीवाला गातो तो कवी कसा? जुन्या उर्दूत तजकिरे लिहायची पद्धत होती. तजकिरा म्हणजे कवींची चरित्रं आणि नमुने यांचा संग्रह. गालिबचे मित्र नवाब मुस्तफा खान शेफ्ता यांच्या ‘गुलशन-ए-बेखार’ या तजकिऱ्यात नझीरवर शेरा आहे, त्याचा मतलब असा की याचे पुष्कळ शेर बाजारी लोकांच्या तोंडी आहेत, आणि ते पाहता याला कवींच्या पंक्तीत बसवणं बरं नाही. झालं! पंक्तीतून उठवलं. पुढे १८७९ मध्ये फॅलन नावाच्या इंग्रजाने हिंदुस्तानी-इंग्रजी शब्दकोश काढला, आणि त्यात नझीरला डोक्यावर घेतलं ते नेमक्या त्याच कारणासाठी. याचीच कविता लोकांपर्यंत पोचली आहे, म्हणून. कोशकाराला शब्द हवे असतात आणि ते बाजारात असतात, हे त्याला ठाऊक होतं. पण पंक्तीचं भांडण काही मिटलं नाही.

तन्वीरपुढे अडचण वेगळीच होती. नझीरच्या आयुष्याविषयी माहितीच फार थोडी. चार आख्यायिका, संपलं. अशा माणसावर नाटक लिहायचं तर बहुतेक लेखकांनी आख्यायिका ताणल्या असत्या, एखादं प्रेमप्रकरण घुसवलं असतं. याने काय केलं, तर नझीरला नाटकात आणलंच नाही! पूर्ण नाटकात नझीर अकबराबादी रंगमंचावर येत नाही. येतात त्याच्या कविता, दुसऱ्यांच्या तोंडून.

गोष्ट एवढीशी आहे. आग्र्याचा बाजार, साधारण १८१० च्या सुमाराचा. धंदा मंदा. एक ककडीवाला आहे. (आपली सॅलडची काकडी नव्हे. लांब, बारीक, वाकडी, उन्हाळ्यात त्या बाजूला हातगाडीवर दिसते ती.) त्याची ककडी कुणी घेत नाही. त्याच्या डोक्यात येतं की आपल्या ककडीवर कुणी दोन ओळी रचून दिल्या तर त्या गात फिरू, गिऱ्हाईक येईल. बाजारात एका बाजूला पुस्तकाचं दुकान, तिथे शायर आणि तजकिरा लिहिणारे विद्वान बसून मोठ्या गप्पा मारताहेत. हा बिचारा हात जोडून त्यांच्याकडे जातो. ककडीवर कविता? त्याला हाकलून देतात. दुसऱ्या बाजूला पतंगवाल्याचं दुकान, तिथे साध्या माणसांची बैठक आणि नझीरच्या कवितांची ऊठबस. शेवटी ककडीवाल्याला नझीरकडून ककडीवरची कविता मिळते, तो ती गातो आणि माल खपतो. मग लाडूवाला, टरबूजवाला, सगळे आपापली कविता घेऊन येतात. अधूनमधून फकीर गात जातात. पहिल्या अंकाच्या आरंभी शहराच्या हलाखीची कविता, दुसऱ्याच्या आरंभी ‘बंजारानामा’, अखेरीला सगळ्यांचा मिळून ‘आदमीनामा’. मधले संवाद तन्वीरचे, गाणी नझीरची.

मी हे पुन्हा पुन्हा मनात घोळवतो ते यासाठी की शेफ्ताच्या शेऱ्याला असं उत्तर कुठल्याही प्राध्यापकाला देता आलं नसतं. लेख लिहिला असता तर तो शेवटी पुस्तकाच्या दुकानातच राहिला असता, विद्वानांच्या गप्पांत एका गप्पेची भर. तन्वीरने भांडणाची दोन्ही बाजूंची दुकानं समोरासमोर मांडली आणि मधून ककडीवाल्याला फिरवलं. कविता कशासाठी लागते हे ज्याला पोटासाठी ठाऊक आहे तोच नायक. शेफ्ताचा आरोप खोडलाच नाही. ‘होय, बाजारी लोकांच्याच तोंडी आहे, ऐका!’ एवढंच म्हटलं.

आणि म्हटलं कुणी? हे महत्त्वाचं. व्यावसायिक नट नव्हते. जामियाचे विद्यार्थी होते, शिक्षक होते, आणि जवळच्या ओखला गावचे लोक होते. तालमी उघड्यावर चालायच्या, गावातली माणसं बघायला यायची, तन्वीरने त्यांनाच आत ओढलं. म्हणजे नाटकाची संहिता एकट्या तन्वीरची, पण बाजार उभा राहिला तो कॉलेजची पोरं आणि गावकरी यांच्या मिश्रणातून. विद्यार्थ्यांकडे उर्दू होती, गावकऱ्यांकडे बाजार होता. आधी प्रयोग जामियात झाला आणि मग दिल्लीच्या रामलीला मैदानावर. पुढे लोक म्हणू लागले की ही तर ब्रेख्तची पद्धत! पण तन्वीर इंग्लंडला गेला १९५५ मध्ये आणि बर्लिनला ब्रेख्तच्या नाटक मंडळीचं काम बघितलं त्यानंतर. ‘आगरा बाजार’ त्याआधीचं. आपल्याकडचं काही चांगलं दिसलं की ते कुठून आणलं याचा शोध आधी सुरू होतो, ही खोड जुनी आहे. असो.

जामियातच हे का जमलं, याचाही विचार करायला हवा. ही संस्था १९२० मध्ये असहकाराच्या हाकेतून निघाली, आधी अलीगढला, मग दिल्लीत. डॉ. झाकिर हुसेन तिचे बरीच वर्षं कुलगुरू. १९३७ मध्ये आमच्या वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद घेतली, आणि नई तालीमचा आराखडा करायला जी समिती नेमली तिचे अध्यक्ष हेच झाकिर हुसेन. हाताने काम करत शिकायचं, ही कल्पना तिथल्या शिक्षकांना परकी नव्हती. १९५४ मध्ये कुलगुरू होते मुहम्मद मुजीब. इतिहासाचे अभ्यासक, पण स्वतः उर्दूत नाटकं लिहिणारे. नाटक म्हणजे अभ्यासाचा खोळंबा असं वरून कुणी म्हणणार नव्हतं. (हे सुख किती मोठं, ते खाली सांगतो.)

आणखी एक. फाळणीला तेव्हा सातच वर्षं झाली होती. १९४७ च्या दंगलीत करोल बागेतलं जामियाचं पुस्तकांचं दालन जळालं होतं. उर्दू कुणाची, हा प्रश्न दिल्लीच्या हवेत होता. अशा वेळी जामियाच्या पोरांनी कवी निवडला तो कन्हैयाच्या बाळपणावर आणि ईदवर सारख्याच मायेने लिहिणारा, आणि त्याची उर्दू गाणारे रंगमंचावर कोण, तर लाडूवाला, कुंभार, पतंगवाला, फकीर. नाटकात त्यावर कुणी भाषण करत नाही. बाजारात तशी भाषणं कुणी करतही नाही, तिथे मोलभाव चालतो.

आता थोडं आमच्या शाळेविषयी. १९८६-८७ च्या सुमाराची गोष्ट, वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या गावची. नववीला मराठी माझ्याकडे होतं आणि एकनाथांचं भारूड शिकवायचं होतं. भारूड आणि नझीर यांचं नातं माझ्या डोक्यात तेव्हापासूनचं. एकनाथांनीही जोशी, वासुदेव, गोंधळी, भुत्या अशा रस्त्यावरच्या माणसांच्या तोंडी कवन घातलं, तेही नझीरच्या दोनशे वर्षं आधी. वर्गात बोलता बोलता मी मुलांना ककडीवाल्याची गोष्ट सांगितली. तास संपता संपता मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, आपण गुरुवारचा बाजार करू ना!"

मी फक्त हो म्हटलं. पुढचं सगळं त्यांनी केलं, अगदी खरं सांगतो. एकनाथांची पात्रं त्यांनी आमच्या गुरुवारच्या बाजारात आणून सोडली. विंचू चावलेला माणूस मिरचीच्या ढिगापाशी लोळायचा आणि मिरचीवाली त्याच्यावर ओरडायची की माल तुडवू नको. पण खरी गंमत झाली ती जोशाच्या भारुडात. त्यात मन हेच गावचा पाटील होऊन येतं, आणि जोशी सांगतो की त्याचा भरवसा धरू नका. परीक्षेत याचं उत्तर ठरलेलं, ‘येथे मनाला पाटलाचे रूपक दिले आहे.’ दोन गुण. पण नाटकात पाटील उभा करायचा तर तो कुठे उभा राहणार, काय करणार? दोन दिवस भांडण चाललं. शेवटी मुलांनी त्याला अडत्या केलं आणि हातात तागडी दिली. जोशी भविष्य सांगतोय, आणि हा मागे उभा राहून गंभीर चेहऱ्याने मान डोलावतोय, आणि त्याचा अंगठा हळूच पारड्यावर. हे रूपक मी बारा वर्षं शिकवत होतो. अंगठा माझ्या एकाही टाचणवहीत नव्हता.

त्याच वर्गात एक मुलगा होता, ज्याचे काका तेव्हाही पहाटे मोरपिसांची टोपी घालून, टाळ-चिपळ्या घेऊन गावोगाव फिरायचे. म्हणजे खराखुरा वासुदेव घरातला. सगळ्या वर्गाला वाटलं, चला, आपल्याला वासुदेव आयताच मिळाला. तो म्हणाला, "सर, मी वासुदेव नाही होणार." मी बरं म्हटलं आणि कुणी आग्रह करायचा नाही हेही सांगितलं. इतरांसाठी ती टोपी म्हणजे पुठ्ठा आणि रंगीत कागद होता. त्याच्यासाठी ती घरची भाकरी होती, आणि कदाचित चिडवाचिडवीही. दुसऱ्याच मुलाला वासुदेव केलं. हा कोपऱ्यात बसून तालीम बघायचा. तिसऱ्या दिवशी त्या दुसऱ्या मुलाने टोपी काढून फरशीवर टाकली, तसा हा उठला, टोपी उचलली, टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "खाली नसते ठेवत." एवढंच. मग चिपळ्या कशा धरायच्या, दान घेताना कसं थांबायचं, घाई करायची नाही, हे त्यानेच शिकवलं. स्वतः शेवटपर्यंत रंगमंचावर आला नाही. कार्यक्रमाच्या दिवशी पडदा ओढायचं काम मात्र मागून घेतलं.

ओखल्याच्या गावकऱ्यांचा विचार माझ्या मनात येतो तो या मुलामुळे. त्यांना रंगमंचावर आणलं ते छानच, पण बाजारातला माणूस रंगमंचावर बाजारातला माणूस होतो तेव्हा त्याला स्वतःला काय वाटत असेल? त्यांची कुणी नोंद ठेवलेली माझ्या वाचनात नाही. तन्वीरला मात्र हा प्रश्न पुढे चांगलाच भिडला. १९५८ मध्ये त्याने ‘मृच्छकटिका’वरून ‘मिट्टी की गाडी’ केलं, त्यात छत्तीसगडच्या नाचातले सहा कलावंत दिल्लीला नेले. ही माणसं रात्र रात्र गावकऱ्यांना हसवणारी, पण तन्वीरच्या तालमीत अडखळायची. का अडखळतात हे समजायला त्याला कितीतरी वर्षं लागली, आणि हे त्याने स्वतःच सांगून ठेवलं आहे. त्यांच्या तोंडी हिंदी घातली होती, आणि कुठून कुठे चालायचं तेही आखून दिलं होतं. १९७० नंतर त्याने दोन्ही सोडलं. छत्तीसगडीत बोला, हवं तसं वावरा. १९७३ मध्ये ‘गाव के नाम ससुराल, मोर नाव दामाद’ झालं आणि १९७५ मध्ये ‘चरणदास चोर’. ठाकुरराम, लालूराम, मदन निषाद, भुलवाराम, फिदाबाई ही नावं दिल्ली-मुंबईच्या लोकांना कळली ती तेव्हापासून.

आमच्या नाटकाचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. स्नेहसंमेलनात झालं, लोक पोट धरून हसले, आणि अडतीवाल्यांपैकी एक-दोघे हसले नाहीत. महिन्याभराने तपासणीला एक अधिकारी आले. त्यांच्या कानावर गेलं होतं. त्यांनी विचारलं, "हे सहा तास घटक नियोजनात कुठे दाखवले?" मी म्हटलं, भारुडाच्या पाठात. "पाठाला तर दोनच तास आहेत." शेऱ्यात तसं लिहूनही गेले. त्या शेऱ्याचा मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. आजही थोडा आहे. पंक्तीत बसवायचं नाही म्हणणारे शेफ्ता निदान स्वतः कविता जाणणारे होते.

भाचीने मागाहून आणखी एक शंका कळवली आहे, की तिकडच्या मुलांनी बाजार बघितलेलाच नाही, मग काय करायचं? मला त्यात अडचण दिसत नाही. त्यांनी जे बघितलं आहे ते घ्यावं, मॉलचं पार्किंग घ्यावं, शाळेची बस घ्यावी, आणि जोशाला तिथे उभा करून बघावा. पाटील कोण ते त्यांनाच ठरवू दे.

‘आगरा बाजार’ तन्वीरने पुढे अनेकदा नव्याने केलं. मी पाहिलं ते नव्वदच्या दशकात, भोपाळला एका लग्नाला गेलो होतो तेव्हा. तोवर त्यात छत्तीसगडचे कलावंत आले होते आणि नझीरची उर्दू ते आपल्या जिभेने, आपल्या चालींनी गात होते. माझ्या शेजारी एक उर्दू जाणणारे वयस्कर गृहस्थ बसले होते. उच्चारांवर दर पाच मिनिटांनी ‘च्च’ करायचे, पण उठून गेले नाहीत. ककडीवाला गायला लागला तेव्हा त्यांनी खुर्चीच्या हातावर ताल धरला होता.

तन्वीर ८ जून २००९ रोजी भोपाळला वारला. नझीरची कबर आग्र्यात ताजगंज भागात आहे, ताजमहालाच्या जवळच. वसंतपंचमीला तिथे लोक जमतात आणि त्याच्या कविता गातात. ताज मी दोनदा बघितला, दोन्ही वेळा शाळेच्या सहलीबरोबर, आणि चाळीस पोरं मोजण्यात कबरीकडे जायचं राहिलं. नातू म्हणतो, आजोबा, यंदा वसंतपंचमीला तिकीट काढू. गुडघे काय म्हणतात ते बघायचं.